पांढऱ्या याकाची शेपटी

“मग तो मरणार कधी?” दामोदरपुरींनी विचारले.

मेमे उर्गेन पांढऱ्या याकाच्या कानामागे खाजवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“त्यालाच विचार.”

याक दगडी कुंपणाच्या आडोशाला बसला होता. हनुवटी जमिनीला टेकलेली, डोळे अर्धवट मिटलेले. पाठीमागे, शेपटीच्या मुळाजवळ मोठी जखम होती. लांडग्याने लचका तोडला होता. शेपटी मात्र शाबूत होती. लांब, दाट आणि लोण्यासारखी पांढरी.

त्या शेपटीसाठीच दामोदरपुरी इतक्या लांब आले होते.

ते गोदावरीकाठच्या एका मठाचे. त्यांचे गुरू समाधिस्थ झाले होते, आणि येत्या कार्तिकात त्यांना गादीवर बसायचे होते. त्या मठात प्रत्येक महंतावर ढाळायची चवरी वेगळी. जुनी चवरी गुरूंबरोबर समाधीत जाते. नवी चवरी नव्या महंताने स्वतः हिमालयात जाऊन आणायची. ती पांढऱ्या याकाच्या शेपटीची हवी. जिवंत जनावराची शेपटी कापायची नाही. शेपटीसाठी जनावर मारायचे नाही. आपल्या मरणाने मेलेल्या याकाचीच चालते.

वाटेत एका दुकानदाराने तयार चवरी दाखवली होती. दामोदरपुरींनी केस बोटांत चोळून पाहिले आणि चवरी परत केली. ती नायलॉनची होती.

मग झांस्करच्या एका गावात कोणीतरी सांगितले, वर गोंपाच्या कुरणात म्हातारा पांढरा याक आहे, त्याचे दिवस भरत आले आहेत. रिगझिन नावाच्या घोडेवाल्याला बरोबर घेऊन दामोदरपुरी खिंड ओलांडून आले.

गोंपा म्हणजे तिकडचा बौद्ध मठ. मेमे उर्गेन त्या मठाचे भिक्षू. मेमे म्हणजे आजोबा. सगळे त्यांना तसेच हाक मारत. मठाचे याक ते उन्हाळाभर वरच्या कुरणात राखत. दगडाची एक खोली, याकाच्या केसांचा एक काळा तंबू, आणि मदतीला भाची डिस्कित. बोलणे हिंदीत होई. हिंदी सगळ्यांचीच मोडकी होती, त्यामुळे कोणी कोणाला हसत नसे.

दामोदरपुरींनी आल्या आल्या आपले काम सांगितले होते.

“मेल्यावर शेपटी तुझी,” मेमे म्हणाले होते. “आधी नाही.”

“आधी मला नकोच.”

“मग बस.”

तेव्हापासून ते बसले होते.

डिस्कित जवळच धार काढत होती. याक हा नर. मादीला तिकडे डिमो म्हणतात, दूध तिचे. डिस्कितने आधी वासरू लावले, पान्हा फुटला तसे ते बाजूला ओढले आणि गुडघ्यांत भांडे धरले.

“महाराज,” ती म्हणाली, “याक मरायची वाट गिधाडंही बघतात. पण ती जरा लांब बसतात.”

दामोदरपुरींचा चेहरा लाल झाला.

“मी काय पाप केलं? मारत नाही. कापत नाही. नुसता थांबलोय.”

“तेच म्हणते मी. गिधाडंही मारत नाहीत.”

रिगझिन मोठ्याने हसला. मेमे हसले नाहीत.

चुलीत वाळलेले शेण जळत होते. त्यावर चहा होता, लोणी आणि मीठ घातलेला. मेमेंनी लाकडी वाटी भरून पाहुण्याच्या हातात दिली. दामोदरपुरींनी ती खाली ठेवली. त्यांना बोलायचे होते.

“मेमे, मी इथं आल्यापासून बघतोय. तुम्ही या जनावराचं ठेवलंय काय? दूध काढता, लोणी काढता. पोटाखालची मऊ लव विंचरून टोप्या करता. वरचे राठ केस कापून दोर वळता, तंबू विणता. पाठीवर ओझी लादता. गावात नांगराला जुंपता. शेण नसेल तर तुमची चूल पेटत नाही. मेला की मांस खाता, कातड्याचे बूट शिवता. आणि मी एक शेपटी मागितली, तर ही पोरगी मला गिधाड म्हणते!”

मेमेंनी विचार केला.

“शिंगं राहिली,” ते म्हणाले. “शिंगानं आम्ही वासरांना औषध पाजतो.”

“म्हणजे बघा!”

“हो.”

“मग माझं चुकलं कुठं?”

“चुकलं असं कोण म्हणालं?... चहा घे. गार होतोय.”

पांढऱ्या याकाच्या कानात विटलेली लाल फीत होती. दुसऱ्या कोणत्याच जनावराच्या कानात तशी फीत नव्हती.

“ती कशाला?” दामोदरपुरींनी विचारले.

“त्याला जीवदान दिलंय,” डिस्कितने सांगितले. “आता त्याला कोणी विकायचं नाही, कापायचं नाही. ओझं लादायचं नाही. केससुद्धा विंचरायचे नाहीत.”

“मग त्याचा उपयोग काय?”

“काही नाही,” मेमे म्हणाले. हे सांगताना त्यांचा हात याकाच्या कपाळावर होता, आणि चेहऱ्यावर समाधान होते.

संध्याकाळी डिस्कितने शीळ घातली. चढावरून याक खाली आले, घुरघुरत, एकमेकांना ढकलत. ती तळहातावर मीठ घेऊन प्रत्येकाच्या तोंडापुढे धरी. मोठी खरबरीत जीभ एकदाच फिरे आणि हात कोरडा होई.

पांढरा याक उठला नाही. मेमे मीठ घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने थोडेसे चाटले, बाकीचे तसेच राहिले.

दामोदरपुरी पाहत होते. मीठ खाल्ले की नाही हे त्यांनी पाहिले नाही. त्यांनी पाहिले ते दुसरेच. याकाचे पोट बिघडले होते. शेपटीच्या टोकाला हिरवे पिवळे शेण लागले होते.

सकाळी त्यांनी पाणी कोमट केले. शेपटी धुतली. डिस्कितची लव विंचरायची फणी मागून घेतली आणि एकेक गुंता सोडवला. उन्हात केस वाळवले, त्यांची सैल वेणी घातली. मग आपली धुतलेली भगवी छाटी त्या वेणीभोवती गुंडाळली, आणि ते गाठोडे दोरीने याकाच्या कमरेला वर बांधून टाकले. गाठ पक्की होती. हात सरावाचे वाटत होते.

मेमे काठी टेकत आले. त्यांनी गाठोडे पाहिले.

“शेपटी कोणी बांधली?”

“मी.”

“का?”

“डाग पडू नये म्हणून.”

मेमेंनी गाठ चाचपून पाहिली.

“काही चुकलं का?”

“गाठ छान आहे,” मेमे म्हणाले.

ऊन चढले. वारा पडला. माशा आल्या.

याकाचे अंग थरथरले. कमरेचे गाठोडे एकदा हलले, पुन्हा हलले, आणि थांबले. माशा जखमेवर बसल्या. काठाने काळी झालर लावावी तशा.

मेमे याकाच्या मागे जाऊन जमिनीवर बसले. अंगातल्या झग्याची लांब बाही त्यांनी हातावरून खाली सोडली आणि तिने ते माशा हाकू लागले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

दुपार झाली. ते उठले नाहीत. ऊन त्यांच्या मुंडण केलेल्या डोक्यावर होते. मधूनच खोकला येई, तेवढ्यापुरती बाही थांबे.

दामोदरपुरींना सावलीत बसवेना.

“मेमे, हे काय करताय?”

“माशा हाकतोय.”

“ते दिसतंय. पण तुम्ही कशाला?”

“रोज तो हाकायचा. आता त्याची शेपटी गुंतली आहे.”

“मग सोडा ना गाठ!”

“तू बांधलीस. तुझं काहीतरी काम असेल.”

हे ते रागाने म्हणाले नाहीत. पाणी मागावे इतक्या साधेपणाने म्हणाले.

दामोदरपुरींनी गाठीकडे पाहिले. गाठ सोडली तर शेपटी शेणात पडणार. बांधलेली ठेवली तर हा म्हातारा उन्हात बसणार.

“उठा,” ते म्हणाले. “मी हाकतो.”

मेमे उठले. गुडघे धरून, हळूहळू. पण गेले नाहीत. शेजारच्या दगडावर बसले.

दामोदरपुरी उपरण्याने माशा हाकू लागले.

“तू गादीवर बसलास की काय करशील?” मेमेंनी विचारले.

“लोक दर्शनाला येतील. मी आशीर्वाद देईन. मागे शिष्य उभा राहून चवरी ढाळेल.”

“तिथं माशा फार आहेत का?”

“छे! मठ रोज दोनदा धुतात.”

“मग ढाळतो कशाला?”

“तो... मान असतो.”

“अच्छा.”

उपरणे डावीकडून उजवीकडे जात राहिले.

इतक्या जवळून दामोदरपुरींनी जखम पहिल्यांदाच नीट पाहिली. तिच्या तळाशी काहीतरी वळवळत होते. त्यांचे उपरणे थांबले. डावा हात आपोआप पुढे झाला, बोटांनी जखमेच्या कडा दाबून पाहिल्या, कुठे मऊ आहे, कुठे घट्ट. मग तो हात त्यांनी झटक्याने मागे घेतला.

“अळ्या पडल्यात,” ते म्हणाले.

“हो का?”

“आतपर्यंत गेल्यात. म्हणून तो उठत नाही. म्हातारपणानं नाही.”

“तुला यातलं कळतं?”

“नाही... नाही कळत.”

मेमेंनी माळ काढली. त्यांना घाई नव्हती. कुरणात कोणालाच घाई नव्हती.

बऱ्याच वेळाने दामोदरपुरी हलक्या आवाजात म्हणाले, “मी गवळ्याचा पोर आहे, मेमे. आमच्या गोठ्यात म्हशी होत्या. जखमेत अळ्या पडल्या की बाप मलाच हाक मारायचा. माझी बोटं लहान होती.”

“मग?”

“मग मठात आलो. गुरूंनी ठेवून घेतलं. पण मठात हे कोणी बोलत नाही. म्हणजे तोंडावर बोलत नाही. पाठीमागं बोलतात. म्हणतात, गवळी गादीवर बसणार, आता आरतीला शेणाचा वास येणार.” ते थांबले. “म्हणून मला चवरी पांढरी शुभ्र हवी. जराही डाग नको. एक केस पिवळा दिसला, तरी म्हणतील, गवळ्यानं म्हशीची शेपटी उचलून आणली.”

“म्हशीची शेपटी वाईट असते?”

“वाईट नाही. तिला एवढे केस नसतात.”

मेमे हसले. दामोदरपुरी आल्यापासून पहिल्यांदाच हसले. पुढे दात नव्हते, त्यामुळे ते हसू लहान मुलासारखे दिसले.

दामोदरपुरींनाही हसू आले. त्यांनी ते लगेच आवरले.

रिगझिन खिंडीकडे पाहून आला. तिकडे ढग उतरले होते.

“महाराज, बर्फ येणार. खिंड बंद झाली तर तुमचा कार्तिक इथंच. आणि माझे घोडे उपाशी.”

“किती थांबता येईल?”

“थोडं. फार नाही.” त्याने याकाकडे हनुवटी उडवली. “आणि थांबायचं कशाला? अळ्या आहेत ना? राहू द्या तशाच. ह्याचं लवकर आटपेल. तो सुटेल, तुम्ही सुटाल. तुम्ही मारलं नाही, कापलं नाही. शेपटी तर आधीच बांधून ठेवलीय!”

दामोदरपुरींनी मेमेंकडे पाहिले. मेमे डोळे मिटून माळ ओढत होते.

“मेमे, हा काय म्हणतो, ऐकलंत?”

“ऐकलं.”

“तुम्ही काय म्हणता?”

“मी माळ ओढतोय.”

“मी तुम्हाला गुरूच्या जागी मानून विचारतोय.”

मेमेंनी डोळे उघडले.

“तुझ्या बापानं तुला हाक मारली, की तू कोणाला विचारायला जायचास?”

माशा पुन्हा बसल्या होत्या. आतले वळवळणे थांबले नव्हते. याकाने मान वळवून आपल्या कुशीकडे पाहिले. म्हैसही दुखते तेव्हा तशीच पाहते.

दामोदरपुरी उठले.

“रिगझिन, तुझी तंबाखू दे.”

“तंबाखू? तुम्ही खाता?”

“दे म्हणतो ना!”

रिगझिनने डबी काढली. दामोदरपुरींनी कफनीच्या बाह्या वर सारल्या. मिठाचे गरम पाणी मागितले. तंबाखू तळहातावर पाण्यात चुरली, तिचा काळा लगदा केला आणि जखमेत घट्ट दाबून बसवला. आतला किडा तंबाखूला टिकत नाही, वर येतो. वर आला की काडीने उचलायचा. उचलला की पुन्हा पाणी, पुन्हा लगदा.

याकाने पाय झाडला. तो दामोदरपुरींच्या नडगीवर बसला.

“थांब रे मुडद्या!” ते ओरडले. “तुझ्याच बऱ्यासाठी करतोय ना!”

हे मराठीत होते. तिथे कोणाला कळले नाही. याकाला कळले असावे. तो थांबला.

डिस्कित पाणी आणून देत होती. मेमेंनी माळ खिशात ठेवली आणि याकाचे डोके मांडीवर घेतले.

अळ्या निघाल्या. जखम धुतली, वर लोणी लावले. दामोदरपुरींनी पुन्हा पुन्हा वास घेऊन पाहिला, मग खात्री झाली.

मग त्यांनी कमरेची दोरी सोडली.

त्यांना कोणी सांगितले नव्हते. छाटी उलगडली, वेणी मोकळी केली, केस बोटांनी सारखे केले. पांढरीशुभ्र शेपटी खाली आली आणि ताज्या शेणात पडली.

याकाने ती उचलली. त्याच्यात फारसा जोर नव्हता, पण होता तेवढा सगळा त्याने लावला. पहिला फटका दामोदरपुरींच्या थेट तोंडावर बसला. कपाळापासून दाढीपर्यंत हिरवा पट्टा उमटला.

“घ्या महाराज!” डिस्कित म्हणाली. “ढाळली चवरी!”

रिगझिन जमिनीवर बसून हसला. मेमेंच्या डोळ्यांतून पाणी आले. दामोदरपुरींनी तोंडावरचे शेण पुसले, हाताकडे पाहिले... आणि तेही हसू लागले. मठात कोणी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते.

त्यानंतर ते याकाजवळून हलले नाहीत. दिवसा जखम धुवायची, लोणी लावायचे. सातूच्या पिठात लोणी आणि मीठ मळून गोळे करायचे आणि जबड्याच्या कडेने आत सारायचे. याक थुंकायचा. ते पुन्हा सारायचे. कधी शेपटी उचलण्याचे त्राण त्याच्यात नसे. तेव्हा दामोदरपुरी ती शेपटी आपल्या दोन्ही हातांत घेत आणि त्याच्या पाठीवर माशा असतील तिथे फिरवत. शेपटी याकाची, हात त्यांचे.

“जड आहे,” ते एकदा मेमेंना म्हणाले.

“तो रोज उचलतो,” मेमे म्हणाले.

शेपटीचा रंग गेला. टोकाला ती पिवळी झाली, मध्ये हिरवट. तंबाखूचे तपकिरी डाग वेगळे. दामोदरपुरींनी ती पुन्हा धुतली नाही.

मग एका सकाळी खिंडीवर बर्फ दिसले. खाली कुरणात गवतावर नुसता पांढरा पातळ थर होता. रिगझिनने न विचारता घोड्यांवर सामान बांधायला घेतले.

डिस्कितने याक गोळा करायला शीळ घातली. खिंडीत नव्या बर्फातून वाट पाडायला याकच पुढे धाडतात. ते छातीने बर्फ फोडत जातात, त्यांच्या मागून घोडे, घोड्यांच्या मागून माणसे. ती मोठे काळे याक निवडत होती.

कुंपणापाशी काहीतरी खडखडले.

पांढऱ्या याकाने आधी मागचे पाय उभे केले. पुढचे गुडघे टेकून तो तसाच राहिला, नाक जमिनीवर, धापा टाकत. दामोदरपुरी धावले. त्यांनी खांदा त्याच्या बरगडीला लावला.

“हं... हं... उठ. उठ माझ्या राजा. असं. असं!”

याक उभा राहिला. चारही पाय थरथरत होते. तो काही पावले गेला. मग आणखी काही. डिस्कितने तळहात पुढे केला, त्याने मीठ चाटले. हात कोरडा झाला.

“उठला!” दामोदरपुरी ओरडले. “मेमे, उठला! बघा!”

मेमे खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी पाहिले आणि मान हलवली.

दामोदरपुरी तसेच दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले. श्वास फुललेला, कफनीला शेण लागलेले. गोठ्यात जनावर उठले की त्यांचा बाप असाच उभा राहायचा.

मग हळूहळू त्यांचे हात खाली आले. त्यांना आठवले.

रिगझिन घोड्याचा पट्टा आवळत म्हणाला, “झालं. बरा केलात. आता हा आणखी पाच-सात वर्षं मरत नाही. चला महाराज. बाजारात ती नायलॉनची आहेच. ती घ्या. कोणाला कळणार?”

“मला कळेल.”

“मग काळी देऊ?” डिस्कितने विचारले. आज तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “मागच्या हिवाळ्यात एक याक गेला. त्याची शेपटी तंबूत आहे. चांगली लांब आहे.”

“पांढरीच लागते, ताई.”

ते तिला पहिल्यांदाच ताई म्हणाले होते. तिने लोण्याचा एक गोळा कातड्यात गुंडाळला आणि त्यांच्या झोळीत टाकला.

काळे याक पुढे निघाले. घोडे हलले.

दामोदरपुरी मेमेंच्या पाया पडले. मेमेंनी त्यांच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. हात याकाच्या अंगासारखे उबदार होते.

“मेमे...”

“बोल.”

“चवरीशिवाय आमच्या गादीवर आजवर कोणी बसलेला नाही.”

“हं.”

“लोक जमतील. गादी मांडलेली असेल. मागे शिष्य उभा राहील, आणि त्याच्या हातात काही नसेल. पहिला प्रश्न तोच येईल. नव्या महंतांची चवरी कुठं आहे?... मी काय सांगू?”

मेमेंनी कुरणाकडे पाहिले. ऊन वर आले होते. गवतावरचे बर्फ वितळत होते आणि त्या ओलीतून माशा पुन्हा निघाल्या होत्या. पांढरा याक ओढ्याकाठी उभा राहून चरत होता. डागाळलेली शेपटी संथ चालली होती. डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे.

“सांग...” मेमे म्हणाले, “वापरात आहे.”